हायड्रोपोनिक सेटअपमध्ये काळी चिलटं झालीत, रोपं मरतायत, काय करू?

रानजाई
नमस्कार मंडळी. घरातल्या एका खोलीत ग्रो लाइटखाली छोटा हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यावर रोपं वाढवायचा सेटअप आहे माझा. वीस लिटरची एक बादली, तिच्यात एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून बेसिल लावलंय, शेजारी चार पाइपांचं एनएफटी (पाइपांतून खताच्या पाण्याचा पातळ थर वाहत राहतो ते) आहे त्यात लेट्यूस, आणि खालच्या कप्प्यातल्या ट्रेमध्ये रॉकवूलच्या (दगडाच्या तंतूंच्या स्पंजसारख्या) क्यूबमध्ये नवी रोपं रुजत घातलीत. गेले तीन आठवडे बारीक काळी चिलटं दिसतायत. आधी एखाददुसरं दिसायचं म्हणून लक्ष दिलं नाही, आता बादलीचं झाकण उचललं की दहा-पंधरा एकदम उडतात, दिव्याभोवती फिरतात, शेजारी बसून काम करायला घेतलं की तोंडासमोर घोटाळत राहतात.

चिलटांचा त्रास एकवेळ सहन केला असता पण आता रोपं जायला लागलीत. चोवीसपैकी सात रोपांनी माना टाकल्या, आणि क्यूब तर ओलेचिंब आहेत, मग पाणी असून रोप का सुकतंय हेच कळेना. पीएच ५.८ ते ६.२ च्या मध्ये असतो, पाण्याचं तापमान २१ अंश. व्हिनेगरमध्ये साबणाचा थेंब टाकून वाटी ठेवली तिच्यात चार-पाच पडली. पिवळी चिकट कार्डं लावलीत ती भरतात पण उडणारी काही कमी होत नाहीत. माती नाही म्हणजे हा प्रकार होणारच नाही असं मी धरून चालले होते. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, या रोपांवर फार जीव आहे माझा.

पानोपानी
सेम टू सेम! माझ्याकडे पण हेच चाललंय. धागा फॉलो करतेय.

दुर्बिण
रानजाई, आधी ती नक्की कुठली माशी आहे ते बघा, कारण हायड्रोपोनिकमध्ये तीन वेगळ्या माशांना सगळे सरसकट चिलटंच म्हणतात आणि तिघींचा उपाय वेगळा आहे. चिकट कार्डावर अडकलेली एखादी घ्या आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर भिंग धरून नीट बघा.

लांब काडीसारखे पाय, डासासारखा नाजूक बांधा, डोक्यावर लांब मण्यामण्यांच्या मिशा, आणि पंखात इंग्रजी वाय अक्षरासारखी फाटा फुटलेली शीर दिसली तर ती फंगस नॅट. ब्रॅडिसिया म्हणून तिची जात आहे, दोन-तीन मिलिमीटरची असते, उडायला एकदम कमजोर, उडते त्यापेक्षा ओल्या पृष्ठभागावर धावतच जास्त असते. बांधा गुटगुटीत घरमाशीसारखा, मिशा आखूड, आणि करड्या पंखांवर पांढुरके ठिपके दिसले तर ती शोअर फ्लाय, ती शेवाळावर जगते. आणि पंख केसाळ, पतंगासारखे छपरागत मिटलेले असतील तर ती ड्रेन फ्लाय, ती सांडपाण्याच्या पाइपातून येते, तुमच्या रोपांशी तिचं काही देणंघेणं नाही.

चावत कुठलीच नाही, त्या बाबतीत निर्धास्त रहा.

खुरपं
माझी सगळी बाग मातीतली, हायड्रोपोनिक कधी केलं नाही पण चिलटांशी जुनी ओळख आहे. मातीत सरळ उपाय, वरची दोन इंच माती खडखडीत वाळू द्यायची, पाणी खालून ताटलीत द्यायचं, नीम तेल शिंपडायचं. डायटोमेशियस अर्थ, ती किड्यांसाठीची बारीक पांढरी पावडर, पण भुरभुरवतात लोक. यातलं तुमच्याकडे काय चालेल ते जाणकार सांगतील.

मुळाक्षर
खुरपं यांचं मातीसाठी बरोबर आहे आणि वाळवण्याचं मूळ तत्त्व आपल्याकडेही तेच, फक्त मार्ग वेगळे. पण दोन गोष्टी हायड्रोमध्ये करू नका ही कळकळीची विनंती. एक, नीम तेल टाकीत ओतू नका. तेल पाण्यात मिसळत नाही, तवंग येतो, मुळांवर थर बसतो, पंप आणि बारीक नळ्या चिकट होतात आणि मग सगळी सिस्टिम उघडून धुवत बसावं लागतं. मी धुतलीय, दोन दिवस गेले. दोन, डायटोमेशियस अर्थ कोरडी असेपर्यंतच काम करते, ओली झाली की नुसता चिखल, आणि आपल्याकडे कोरडं असतं काय?

आता मूळ मुद्दा. रानजाई, तुम्हाला उडणारी दिसतात म्हणून तुम्ही उडणाऱ्यांच्या मागे लागलाय, पण नुकसान ती करतच नाहीत. मोठं चिलट जेमतेम आठवडाभर जगतं, तेवढ्यात मादी शंभर-दोनशे अंडी घालून जाते. चारेक दिवसांत अंडी फुटतात, अळी दोन आठवडे खात राहते, मग तीन-चार दिवस कोष, की नवं चिलट. म्हणजे साधारण २४ अंशाला तीन-साडेतीन आठवड्यांत अख्खी पिढी. तुम्ही कार्डावर शंभर पकडली तरी त्यांची अंडी आधीच पडलेली असतात.

आणि ही अंडी टाकीतल्या पाण्यात नसतात. एअर स्टोनने ढवळलेलं पाणी ही त्यांची जागा नाही. त्यांना हवा ओला, स्थिर, थोडा कुजका पृष्ठभाग, म्हणजे रॉकवूलचा माथा, नेटपॉटमधला (रोप धरणाऱ्या जाळीच्या कुंडीतला) स्पंज, कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) वरचा थर, पाण्याच्या वर लोंबणाऱ्या मुळांचा जुडगा. तिथली बुरशी आणि शेवाळ हे त्यांचं मुख्य खाणं आणि ते पुरलं नाही की मुळांचे बारीक केस कुरतडतात. तुमच्या रोपाने मान टाकली ती पाणी नाही म्हणून नाही, पाणी ओढायला मूळच उरलं नाही म्हणून.

एक मेलेलं रोप क्यूबसकट बाहेर काढा आणि क्यूब उभा फाडून बघा. काय दिसतं ते इथे लिहा.

रानजाई
आत्ताच बघून आले, अजून अंगावर काटा आहे. क्यूबचा माथा हिरवागार आहे, मी रोज बघत होते आणि मला वाटायचं ते ओलाव्याचं लक्षण आहे म्हणजे चांगलंच असेल. फाडला तर आत, वरच्या एक सेंटिमीटरमध्येच, काचेसारख्या पारदर्शक बारीक अळ्या, डोकं मात्र काळंभोर चकचकीत, जणू सुईच्या टोकाने शाईचा ठिपका दिलाय. एका क्यूबमध्ये नऊ मोजल्या. पारदर्शक अंगातून आतलं खाल्लेलंही दिसत होतं. रोपाच्या मुळाला फांद्याच नव्हत्या, नुसता एक तपकिरी दोरा, चिमटीत धरून ओढला तर वरची साल निघून हातात आली आणि आत पांढरी तार राहिली.

आणि दुर्बिण, कार्डावर दोन्ही आहेत! ट्रेजवळच्या कार्डावर लांब पायांच्या, वाय शीर स्पष्ट दिसते. पण एनएफटीच्या पाइपाच्या तोंडाशी लावलेल्या कार्डावर बऱ्याचशा गुटगुटीत, ठिपक्यांच्या पंखांच्या. लेट्यूसच्या पानांवर काळे बारीक टिपके पण आहेत, मला ती धूळ वाटली होती.

दुर्बिण
ते टिपके म्हणजे शोअर फ्लायची विष्ठा, तिची खूणच आहे ती. काळ्या डोक्याच्या अळ्या मात्र शंभर टक्के फंगस नॅटच्या, शोअर फ्लायच्या अळीला असं वेगळं डोकं नसतं आणि शेपटीकडे दोन टोकांची श्वासनळी असते. म्हणजे तुमच्याकडे दोन भाडेकरू आहेत, पण दोघांना राहायला जागा दिलीय ती एकाच मालकाने, शेवाळाने.

मुळाक्षर
साल निघून तार राहिली हे महत्त्वाचं लिहिलंत. ती पिथियमची, म्हणजे मूळकुजीची खूण. अळी मुळाला जखम करते आणि त्या जखमेतून बुरशी आत जाते, शिवाय दोन्ही माश्या ती या ट्रेमधून त्या ट्रेमध्ये पोचवतात. मेलेली सातही रोपं क्यूबसकट आजच पिशवीत बांधून घराबाहेर टाका. खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात नको, कोष तिथे पण फुटतात.

बाकीच्या क्यूबवर बटाट्याच्या चकत्या ठेवा, एक सेंटिमीटर जाडीच्या, सालं काढून, ओल्या पृष्ठभागाला चिकटवून. दोन दिवसांनी उलटून बघायच्या. अळ्या बटाट्याकडे येतात, त्यामुळे कुठल्या क्यूबमध्ये किती आहेत ते कळतं आणि आलेल्या चकतीसकट टाकून देता येतात. ही मोजणी आहे, उपाय नाही, पण मोजल्याशिवाय कमी होतंय की नाही कळणार कसं.

आणि कार्डं उभी लटकवलीत ना? आडवी करा, क्यूबच्या अगदी जवळ. ही चिलटं वर फार उडत नाहीत. दर आठवड्याला त्याच दिवशी मोजा आणि कार्ड बदला.

थेंबथेंब
मी मुळात मासे पाळणारा, तिथून इकडे आलो, त्यामुळे शेवाळाबद्दल बोलतो. शेवाळाला तीनच गोष्टी लागतात, पाणी, खत आणि उजेड. पहिल्या दोन तुम्ही बंद करू शकत नाही, रोपालाच त्या हव्यात. उजेड मात्र पाण्यावर आणि क्यूबवर पडायची काहीच गरज नाही.

रात्री खोलीत पूर्ण अंधार करा, एक टॉर्च पेटवून बादलीत उभी ठेवा (पाणी काढून) आणि झाकण लावा. जिथून जिथून उजेड बाहेर येतो तिथून दिवसा आत जातो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा माझी निळी बादली कंदिलासारखी उजळली होती, मी तिला अपारदर्शक समजत होतो. नेटपॉटच्या कडेच्या फटी, एअर पंपाच्या नळीचं भोक, रिकामे राहिलेले पॉट, सगळं दिसतं. बादलीला आतून नको, बाहेरून आधी काळा रंग आणि त्यावर पांढरा, पांढरा अशासाठी की दिव्याखाली पाणी तापू नये. भोकांना फोम किंवा काळी टेप. क्यूबच्या माथ्यावर मधोमध चीर दिलेला काळ्या-पांढऱ्या प्लास्टिकचा चौकोन, रोप त्या चिरेतून वर येतं. यानेच दोन कामं होतात, शेवाळ मरतं आणि मादीला अंडी घालायला ओला माथा मिळत नाही.

खुरपं
टॉर्चची युक्ती फार आवडली.

पानोपानी
माझा एक प्रश्न, मधेच घुसतेय सॉरी. हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं तर सगळंच एका फटक्यात मरतं असं वाचलं, मी तीन टक्क्यांचं आणून ठेवलंय, सरळ टाकीत ओतू का?

मुळाक्षर
थांबा थांबा, सरळ टाकीत नको. तीन टक्क्यांचं पेरॉक्साइड एक भाग आणि पाणी चार भाग असं करून लोक क्यूबवर ओततात, फसफसतं, अंगाला लागलेली अळी मरते हे खरं. पण ते काही वेळातच पाणी आणि ऑक्सिजन होऊन संपतं, मागे काही उरत नाही, त्यामुळे उद्या फुटणाऱ्या अंड्यांवर त्याचा धाक नाही. आणि ते शत्रू-मित्र ओळखत नाही, कोवळ्या मुळांचे केस आणि चांगले जीवाणू दोन्ही जाळतं. मोठ्या रोपावर एखाद्या वेळी ठीक, पंधरा दिवसांच्या रोपावर मी नाही करणार. आणि पुढे जीवाणूंचं किंवा सूत्रकृमींचं (अळ्या मारणाऱ्या सूक्ष्म जंतांचं) औषध वापरणार असाल तर त्याच्या बरोबर तर मुळीच नको, तुम्हीच विकत आणलेले मित्र तुम्हीच माराल.

पेरॉक्साइड रिकाम्या टाक्या, पाइप, नेटपॉट धुवायला ठेवा.

रानजाई
तुम्ही म्हणता ते जीवाणूंचं औषध म्हणजे बीटी ना? मी ते आधीच आणलं होतं! दहा दिवस झाले, दोनदा दिलं, काहीच फरक नाही म्हणून इथे लिहिलंच नव्हतं. डब्यावर बॅसिलस थुरिंजिएन्सिस लिहिलंय.

दुर्बिण
त्याच्या पुढचा शब्द वाचा. कुर्स्ताकी लिहिलंय का?

रानजाई
हो, कुर्स्ताकी.

दुर्बिण
तिथेच चुकलं. कुर्स्ताकी फुलपाखरं आणि पतंगांच्या अळ्यांसाठी, पानं खाणाऱ्या हिरव्या अळ्या असतात ना त्यांच्यासाठी. माशीवर्गाच्या अळीवर ते काम करत नाही. तुम्हाला हवंय इस्रायलेन्सिस, थोडक्यात बीटीआय, जे डासांच्या अळ्यांसाठी वापरतात. ते नाव पडलं कारण १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या एका डबक्यात, मेलेल्या डासांच्या अळ्यांसोबत हा जीवाणू सापडला. याच्या पेशीत प्रथिनांचे स्फटिक असतात, ते अळीच्या अल्कलीयुक्त आतड्यात विरघळतात आणि आतड्याला भोकं पडतात, अळी खाणं सोडते आणि एक-दोन दिवसांत मरते. आपल्या पोटात आम्ल असतं त्यामुळे आपल्याला ते बाधत नाही, मुळांनाही नाही.

पण अळीने ते खाल्लं पाहिजे, नुसतं अंगाला लागून उपयोग नाही. अंडी, कोष, मोठी चिलटं यांच्यावर परिणाम शून्य. आणि शोअर फ्लायवर त्याचा फारसा उपयोग होत नाही, तिच्यासाठी शेवाळ काढणं हाच उपाय.

मुळाक्षर
पुढचं मी जोडतो. बीटीआय टाकीत टाकून मोकळे होऊ नका, ते तळाशी बसतं आणि अळ्या तर वर क्यूबमध्ये आहेत. गोळी किंवा दाणे असतील तर रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, ते पाणी प्रत्येक क्यूबच्या माथ्यावर सावकाश ओता, चांगला भिजेपर्यंत. दर आठवड्याला एकदा, निदान चार आठवडे. मधे चिलटं दिसेनाशी झाली तरी थांबायचं नाही, कारण त्या दिवशी कोषात असलेली तुम्हाला दिसत नाहीत.

एवढ्याने नाही भागलं तर सूत्रकृमी, स्टाइनरनेमा फेल्टिए. डोळ्याला न दिसणारे, ओल्यातून पोहत जाऊन अळीच्या अंगात शिरतात आणि बरोबर आणलेला जीवाणू आत सोडतात. फ्रिजमध्ये ठेवायचे, दिवे बंद करून द्यायचे कारण त्यांना अतिनील किरण सोसत नाहीत, आणि देताना बारीक फिल्टर काढून ठेवायचे नाहीतर सगळे जाळीतच अडकतात. पण आधी बीटीआय करून बघा.

रानजाई
अपडेट, पहिला आठवडा. सगळ्यांचं मनापासून ऐकलं. सात रोपं बाहेर टाकली. टॉर्च लावून पाहिलं, बादलीचं झाकण ठीक निघालं पण एनएफटीच्या पाइपात चार रिकामी भोकं होती, तिथून आत शेवाळाची हिरवी जीभच तयार झाली होती. पाइप उघडून ब्रशने घासले, भोकांना टोप्या बसवल्या. क्यूबवर प्लास्टिकचे चौकोन. योग्य बीटीआय मिळालं ते दिलं. ट्रेवर छोटा पंखा सोडलाय, हलक्या झुळकीत पण त्यांना उडता येत नाही हे डोळ्यांनी पाहिलं.

ट्रेजवळचं कार्ड ४१. बटाट्याच्या सहा चकत्यांखाली मिळून २३ अळ्या.

पानोपानी
मी पण आज टॉर्च लावली. माझी टाकी पूर्ण चमकते. रंग आणायला चाललेय.

रानजाई
दुसरा आठवडा : कार्ड २८, चकत्यांखाली ६.
तिसरा आठवडा : कार्ड ११, चकत्यांखाली एकही नाही. एनएफटीकडच्या ठिपकेवाल्या जवळजवळ गेल्याच. राहिलेल्या सतरा रोपांपैकी पंधरा उभी आहेत आणि क्यूबच्या खालून पांढरी मुळं बाहेर यायला लागलीत. आज सकाळी ती बघून इतकं बरं वाटलं.

थेंबथेंब
अभिनंदन! पांढरी मुळं दिसली म्हणजे अर्धी लढाई जिंकली.

रानजाई
चौथा आठवडा, आणि मन खट्टू झालंय. कार्डावर १९. सगळ्या लांब पायांच्या, फंगस नॅटच. बीटीआय एकही आठवडा चुकवलं नाही, चकत्यांखाली आताही एकही अळी नाही. क्यूब फाडून पाहिला, स्वच्छ. मग ही येतात कुठून?

मुळाक्षर
चकत्या रिकाम्या आणि कार्ड भरतंय म्हणजे त्यांचं घर ट्रेमध्ये नाही, दुसरीकडे आहे. बादलीतल्या बेसिलचे स्पंज तपासा. ठिबक किंवा गळती आहे का कुठे, कप्प्याखाली?

खुरपं
मला एक विचारायचंय. त्या खोलीत किंवा शेजारच्या खोलीत मातीतली एखादी कुंडी आहे का? शोभेची वगैरे? किंवा कोकोपीटची, पॉटिंग मिक्सची उघडी पिशवी?

रानजाई
कुंडी नाही. पण पिशवी... थांबा बघते.

रानजाई
खुरपं, तुमचे आभार कसे मानू. टेबलाखाली कोकोपीटची अर्धी पिशवी होती, तीन महिन्यांपूर्वी भिजवून ठेवलेली, तोंड नुसतं दुमडलेलं. हात लावला तर आत अजून ओलं, वर पांढऱ्या बुरशीची जाळी. पिशवी उघडताक्षणी नाकातोंडात चिलटं. एक चमचा कोकोपीट पांढऱ्या ताटलीत पसरलं तर काळ्या डोक्याच्या अळ्याच अळ्या. गोगलगाईच्या मागे असते तशी चकाकती रेघ वरच्या थरावर सगळीकडे होती. मी तीन आठवडे ट्रेला औषध देत होते आणि ही पिशवी तिथून दोन हातांवर होती.

मुळाक्षर
खुरपं, सलाम. आम्ही हायड्रोवाले पाण्यातच बघत बसतो, मातीवाल्या माणसालाच हे सुचणार. ती चकाकती रेघ अळ्यांचीच, संख्या फार झाली की वर दिसायला लागते.

रानजाई, पिशवी झटकू नका. आहे तशी मोठ्या पिशवीत घालून, हवा न जाईल अशी गाठ मारून घराबाहेर. पुढचं कोकोपीट कोरडी वीटच ठेवा, लागेल तेवढंच भिजवा. आणि उडत सुटलेली परत ट्रेमध्ये अंडी घालायला बघतील, त्यामुळे आजपासून बीटीआयचे आठवडे पुन्हा एकपासून मोजा.

खुरपं
अहो सलाम कसला. माझ्या स्वतःच्या शेणखताच्या गोणीने मला हेच शिकवलं होतं.

रानजाई
पाचवा आठवडा ७. सहावा २. सातवा आणि आठवा, दोन्ही वेळा शून्य. बादलीचं झाकण उचललं की आता काहीच उडत नाही. कार्डं काढणार नाहीये, आडवी तशीच ठेवतेय. उद्या नव्या बारा क्यूबमध्ये बी टाकणार, चौकोन आधीच कापून ठेवलेत.

दुर्बिण
वाचनखूण साठवली. रानजाई, पिशवीतल्या अळीचा भिंगातून फोटो काढला असेल तर टाका ना, पुढे कुणाला ओळखायला उपयोगी पडेल.

पानोपानी
मी आज पहिलं कार्ड मोजलं, ३४. बीटीआयचा डबा हातात घेऊन तीनदा वाचला, इस्रायलेन्सिसच आहे. कोकोपीटची पिशवी माझ्याकडे पण निघाली, ती बांधून बाहेर ठेवली. पुढच्या आठवड्यात आकडा लिहिते.